किती देते?

गाडी घेतल्यावर लोक अभिनंदन करतील, निदान पेढे नाही तर चहा तरी मागतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "किती देते?" इस्त्रीवाल्याने विचारलं. ऑफिसातल्या साहेबांनी लिफ्टमध्ये विचारलं. दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात दोन बोटं आणि एक नळी असताना विचारलं. मी "आं आं" म्हणालो, त्यावर ते म्हणाले, "वा, छान देते की!" गाडीचा रंग कोणता, ती आली कशी, घरच्यांना आवडली का, याची एकालाही फिकीर नव्हती. एका लिटरला किती किलोमीटर, एवढं कळलं की माणसं समाधानाने आपापल्या वाटेने जात.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. माणसाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे गाडी घेतानाही मी सावध होतो. गाडीची एक किंमत जाहिरातीत असते, एक शोरूमच्या फळ्यावर असते, आणि एक आपण सही करून पेन खाली ठेवल्यावर कळते. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं, तरीही मी ती तिसरी किंमत भरली. आईला निळी गाडी हवी होती. निळीला थांबावं लागत होतं आणि पांढरी समोर उभी होती, म्हणून मी पांढरी घेतली.

गाडी लहान आहे. मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात, त्यामुळे मागे कोण बसलंय हे पुढच्याला न वळता कळतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. कुठल्याही विषयात ते दुसऱ्या वाक्याला 'टॉर्क' हा शब्द आणतात, म्हणून सगळी इमारत त्यांना टॉर्ककाका म्हणते. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला बुटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "डबी चांगली आहे." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

मग ॲक्सेसरीजचं दुकान आलं. नवी गाडी घेऊन या दुकानात शिरलेला माणूस आणि लग्नाच्या खरेदीला निघालेला माणूस, दोघांचीही मान सारखीच डोलत असते. मी दुकानदाराला करड्या आवाजात विचारलं, "हे सगळं नसलं तर गाडी चालणार नाही का?"

"चालेल की साहेब," तो म्हणाला. "गाडी टायरवर चालते. पण अशी उघडीबोडकी फिरवणार का?"

त्या एका शब्दाने मी घायाळ झालो. सीटना कव्हरं आली, स्टिअरिंगला कव्हर आलं. अत्तराची बाटली आली, मान हलवणारा एक प्लॅस्टिकचा कुत्रा आला. मागे घेताना वाजणारी धून आली, आणि डिकीवर कशासाठी असतो हे मला आजही न कळलेला एक पंख आला. मी भावावरून घासाघीस केली तेव्हा दुकानदार म्हणाला, "पैसे कमी नाही करत, पण दारांना रबरी पट्टी लावून देतो. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद." आमच्या गाडीत आवाज करण्यासारखं आम्ही तिघंच, तेव्हा ही पट्टी काय कामाची, असं मला वाटलं. पण फुकट मिळत होती, म्हणून लावून घेतली.

पहिल्या फेरीला आई पुढे बसली, कारण तिचे गुडघे दुखतात, आणि बायको मागे. त्या दिवशी आई जाताना आणि येताना अखंड बोलत होती. शाळेत असताना ती कुठल्याशा बाईंच्या गाडीत बसली होती, त्या बाईंची पर्स, त्यांचा कुत्रा, कुत्र्याचं नाव. बायको मागून प्रश्न विचारत होती, दोघी हसत होत्या. मी समोरच्या पडद्यावरचा आकडा बघत होतो. परत येताना घर जवळ आलं तेव्हा आकडा बाविसाला पोचत आला होता. मी म्हणालो, "जरा शांत बसा गं दोघी, माझं ॲव्हरेज चाललंय." दोघी गप्प बसल्या आणि मी बावीस गाठले.

घरी मात्र आई गेलं वर्षभर बोलेनाशी झाली होती. हाक मारली तरी ओ देत नसे. तिला जरा कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं, पण तसं म्हटलेलं तिला खपत नसे. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच मेले पुटपुटता," असं ती म्हणायची. म्हणून आम्ही सगळे ओरडून बोलायचो. पंखा चालू, मिक्सर चालू, खाली रस्त्यावर टेम्पो, आणि त्यावर आमचं ओरडणं. "आई, किल्ली दिसली का?" म्हणून मी गर्जना करावी आणि आईने शांतपणे "किटली कालच विसळली" म्हणावं. मी आणखी मोठ्याने ओरडलो की ती उठून आत जायची. गाडी आल्यापासून हे वाढलं. मी तपास करून निष्कर्ष काढला, की ती निळ्या रंगावरून रुसली आहे.

मी ऑफिसला बसने जातो, कारण तिथे गाडी लावायला जागा नाही. त्यामुळे गाडी आठवडाभर आवारात झाडाखाली उभी असायची आणि रविवारी मी एकटाच तिला फिरवून आणायचो. असं असताना ती कमी कमी देऊ लागली. आधी एकोणीस, मग सतरा. एका रविवारी आकडा चौदावर आला तेव्हा मी धावत वरच्या मजल्यावर गेलो.

"टॉर्क कमी पडतोय," टॉर्ककाका म्हणाले.

"पण गाडी तर नुसती उभी असते हो!"

"उभी असली तरी पडतो."

मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलीने हातातल्या पडद्यावर तक्रारीचा प्रकार विचारला. आवाज येतो, गळते, तापते, चालू होत नाही, असे प्रकार होते. 'कमी देते' असा प्रकारच नव्हता. तिने मला 'इतर' मध्ये टाकलं. लग्नाच्या पंगतीपासून पदोन्नतीपर्यंत मी आयुष्यभर 'इतर' मध्येच बसलो आहे, त्यामुळे मी मुकाट किल्ली पुढे केली. त्यांचा मेकॅनिक मला शेजारी बसवून लांबवर फेरी मारून आला. गाडीने त्याला एकवीस दिले. परत आल्यावर मुलीने शेरा लिहिला, 'ग्राहकाचा गैरसमज.' हाच शेरा मी रोज दुसऱ्यांच्या अर्जांवर लिहितो. तो स्वतःच्या कागदावर वाचताना कसं वाटतं, हे मला त्या दिवशी समजलं.

घरी येऊन गाडी पुसताना पुढच्या सीटखाली मला मटारचं एक टरफल सापडलं. हिरवं आणि ताजं. मी तस्साच फोन लावला.

"तुमचा मेकॅनिक माझ्या गाडीत बसून मटार सोलतो!"

"सर, आमच्याकडे कँटीन आहे," मुलगी म्हणाली.

मी ते टरफल पुरावा म्हणून पाकिटात ठेवलं आणि बायकोला दाखवलं. बायको सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी असते, तेव्हा तिने लक्ष ठेवावं अशी माझी अपेक्षा होती. टरफल पाहून तिला जोराचा ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत गेली. त्या रात्री जेवणात मटारची भाजी होती. मी दोनदा वाढून घेतली. आणि मला म्हणे तपासण्याचा पगार मिळतो.

शेवटी टॉर्ककाकांनी निदान केलं, "वजन! गाडी एवढीशी आणि अंगावर दागिने किती! उतरवा सगळं."

त्या रविवारी काकांनी आणि मी गाडीचे दागिने उतरवले. पंख काढला, कुत्रा काढला, जाड पायपुसणी काढली, डिकीतली छत्रीसुद्धा काढली. काकांना स्फुरण चढलं होतं. त्यांनी दारांच्या रबरी पट्ट्याही ओढून काढल्या. मी म्हणालो, "हिचं काय वजन असणार?" काका म्हणाले, "वजन ते वजन." पट्ट्यांचं भेंडोळं काखेत मारून ते म्हणाले, "याची मी लावतो विल्हेवाट." मला त्यांचं कौतुक वाटलं. आवाराच्या कोपऱ्यात बायको कपडे वाळत घालत होती. ती हातात ओला टॉवेल धरून बराच वेळ आमच्याकडे बघत उभी राहिली. तिलाही कौतुक वाटत असेल असं मी धरून चाललो.

आणि काय सांगू, आकडा चढला! पुढच्या रविवारी अठरा, त्यापुढच्या रविवारी वीस. मी काकांना मिठी मारली. ज्यांनी ज्यांनी "किती देते?" विचारलं होतं, त्या सगळ्यांना मी आपणहून शोधून शोधून सांगितलं. दातांच्या डॉक्टरांकडे काही काम नसताना गेलो. आकडा बाविसाला पोचला त्या संध्याकाळी मी बेकरीतून एक केक आणला आणि त्यावर क्रीमने २२ असं लिहून घेतलं. बेकरीवाला म्हणाला, "मुलाचा वाढदिवस का?"

घरी आलो. दारातूनच हाक मारली, "आई!" ओ नाही. "अगं आई, केक आणलाय!" आई खिडकीशी पाठमोरी बसली होती. खाली झाडाखाली गाडी उभी होती, तिच्याकडे बघत होती. पंखा बंद होता, मिक्सर बंद होता, रस्ताही त्या दिवशी कसा कोण जाणे शांत होता. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की वरून काकांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आई वळली नाही.

बायकोने केकचा खोका माझ्या हातातून घेतला, उघडला, २२ वाचलं आणि बंद केला.

"दाराची ती पट्टी कुठे आहे?" तिने विचारलं.

"कुठली पट्टी?"

"गाडीच्या दाराची. काळी, रबराची."

"ती काढल्यामुळेच तर गाडी एवढी देते!"

"अहो, गाडी देते कारण आम्ही आता तिच्यात बसत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. पहिल्या फेरीला तिच्या लक्षात आलं होतं, की काचा लावल्यावर गाडीत आईंना सगळं ऐकू येतं. मागून साध्या आवाजात बोललेलंसुद्धा. म्हणून दुपारी शाळेतून आली, की ती आईला खाली न्यायची. दोघी काचा लावून पुढे बसायच्या, ऊन असायचं म्हणून एसी बारीक चालू ठेवायच्या, मटार सोलायच्या आणि बोलायच्या. दोन-दोन तास. गाडी जागची हलायची नाही, पेट्रोल मात्र जळायचं. माझे आठ किलोमीटर तिथे गेले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याला कळलं की तो कानाचं मशीन आणेल, तीन दुकानांतून भाव काढेल, आणि बसमध्ये सगळ्यांना सांगेल."

आई मला पुरती ओळखून होती.

"पण मग आता बसत का नाही तुम्ही?"

बायकोचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही पट्ट्या काढल्यात त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. रस्त्यावरचं सगळं आत यायला लागलं. आईंना माझं काही कळेना. मी सांगितलं त्यांना, पट्टी काढली म्हणून होतंय. पण तेही त्यांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांना वाटलं, मी समजूत घालतेय. म्हणाल्या, 'राहू दे गं. एवढं एक ठिकाण होतं, तिथलेही कान गेले माझे.' त्या दिवसापासून त्या खाली उतरल्या नाहीत."

मी खिडकीकडे बघितलं. आई अजून तशीच बसली होती. माझी आई दिवसेंदिवस एकेका शब्दाला मुकत होती, आणि मी तिच्या पाठीमागे केक घेऊन उभा होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की केक कुठे ठेवावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती'. ॲक्सेसरीजवाल्याकडे तशी पट्टी संपली होती. "मोठ्या गाडीची आहे, लावतो," म्हणाला, आणि लावलीही. मग चारांपैकी एकही दार बंद होईना. जोर लावून एक लावलं तर समोरचं उघडलं. मी ती काढून घेतली आणि टॉर्ककाकांच्या दारावर थाप मारली.

"काका, त्या पट्ट्या टाकल्यात का?"

काका जरा ओशाळले. मग मला आत नेऊन त्यांनी गॅलरीचं दार दाखवलं. माझ्या गाडीची काळी रबरी पट्टी दाराच्या चारही कडांना नीट, टोक न टोक जुळवून चिकटवलेली होती.

"ही इथे?"

"तुमच्या घरचा आवाज फार येतो हो वर," काका म्हणाले. "तुमची किल्ली, तुमची किटली, सगळं. तक्रार करायला बरं वाटेना. तुमच्या आईंना ऐकू येत नाही, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे."

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. टॉर्क हा शब्द न उच्चारता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आतून सुरी आणली आणि आपल्या दाराची पट्टी स्वतःच्या हाताने, न ताणता, सोडवायला बसले.

"मग तुमच्याकडे आमचा आवाज येईल," मी म्हणालो.

"येऊ दे. फार तर मी कापूस घालीन."

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी चारही दारांना पट्टी पुन्हा बसवली. एका दाराला थोडी कमी पडली, कारण गॅलरीच्या कोपऱ्यात एक तुकडा फाटला होता. तिथे काकांनी आपल्या सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली. दार लावून पाहिलं. रस्त्यावरचा टेम्पो नुसतं तोंड हलवत गेल्यासारखा निघून गेला.

आईला खाली आणायला बायकोला खूप आर्जवं करावी लागली. "कशाला उगाच," असं म्हणत म्हणत ती आली आणि पुढे बसली. बायको मटारची पिशवी घेऊन स्टिअरिंगशी बसली, तिने एसी चालू केला. मी मागे शिरलो. माझे गुडघे आईच्या पाठीला लागले. चारही दारं लागली. पडद्यावरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर एकवीस पूर्णांक नऊ झाला.

आई समोर बघत होती. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते. तिला भीती वाटते आहे हे मला मागूनही दिसत होतं. मला ओरडायची इतकी सवय झाली होती, की हळू कसं बोलायचं हेच आठवेना. मी नुसतं म्हणालो, "आई."

"ओ," आई म्हणाली.

मग ती एकदम थांबली. बायकोने तोंडावर हात धरला. आई हळूहळू मागे वळली, तिच्या गुडघ्यांनी तिला वळू दिलं तेवढी, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"एवढ्या हळू बोलतोस तू?" ती म्हणाली. "घरी तर सारखा ओरडत असतोस. शब्द कळायचे नाहीत, नुसता ओरडा कानावर यायचा. मला वाटायचं, तू माझ्यावर चिडलायस, म्हणून मी वळायचेच नाही."

"आणि मला वाटायचं तू चिडलीयस. निळ्या रंगावरून."

"छे रे. रंगाचं काय करायचंय, आतून कुठे दिसतो?" मग म्हणाली, "तरी निळी बरी दिसली असती."

आम्ही तिघं हसलो. मला रडूही येत होतं, पण मागच्या सीटवर रुमाल काढायलाही जागा नव्हती. मग आई बोलू लागली. त्या बाईंची पर्स, त्यांचा कुत्रा. त्या दिवशी मी गप्प केलं होतं तिथूनच तिने धागा उचलला. कुत्र्याचं नाव बंडू होतं. मी विचारलं, "आई, मशीन आणू का कानाला? भाव नाही काढणार." ती म्हणाली, "आण. पण मशीन आलं म्हणून हे बसणं बंद करायचं नाही." मी म्हणालो, "नाही करायचं." आकडा वीसवर आला. मी पडद्यावर रुमाल टाकणार होतो, पण तो काही निघाला नाही, म्हणून बायकोनेच मटारचं एक टरफल त्यावर चिकटवलं.

संध्याकाळ होत आली तेव्हा काचेवर टकटक झाली. टॉर्ककाका वाकून आत बघत होते. मी माझी काच चार बोटं खाली केली.

"काय साहेब," त्यांनी विचारलं, "किती देते आता?"

मी आईकडे बघितलं. ती बायकोला कुत्र्याची आणखी काहीतरी गंमत सांगत होती.

"ओ देते," मी म्हणालो. "हळू हाक मारली तरी."

काकांनी मान डोलावली. "म्हणजे पिकअप सुधारला," ते म्हणाले, आणि आत आवाज येऊ नये म्हणून मला काच लावून घ्यायची खूण केली.